ग्रामपंचायतीत पहिल्यांदाच निवडून आलात? सही करण्याआधी हे वाचा

गुलाल अजून कानामागून निघालेला नसतो आणि पहिला माणूस दारात उभा राहतो. कुणाला गटार पाहिजे, कुणाला घरकुल, कुणाला शेजाऱ्याची भिंत पाडून पाहिजे. आपण सगळ्यांना ‘बघतो’ म्हणतो. चार-सहा महिन्यांनी लक्षात येतं की ‘बघतो’ म्हणण्यापलीकडे आपल्या हातात नेमकं काय आहे, हेच आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.

मी पाच वर्षं सदस्य होतो, त्यातली काही उपसरपंच. पहिलं वर्ष मान डोलावण्यात आणि सह्या करण्यात गेलं. तेव्हा कुणी हातात दिला असता तर बरं झालं असतं, असा हा कागद आहे. सरपंचांनाही उपयोगी पडेल, पण लिहिलाय तो साध्या सदस्यासाठी. महाराष्ट्रात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत आणि लोकसंख्येप्रमाणे प्रत्येकीत ७ ते १७ सदस्य. सरपंचाला प्रशिक्षण मिळतं, खुर्ची मिळते, डिजिटल सही मिळते. सदस्याला बहुतेक वेळा फक्त चहा मिळतो.

आधी स्वतःचं घर तपासा

गावाचा कारभार स्वच्छ करायला निघण्याआधी आपलं सदस्यत्व कोणत्या दोन-तीन गोष्टींनी जाऊ शकतं ते बघून घ्या. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ चा आहे आणि त्यातलं कलम १४ म्हणजे अपात्रतेची यादी. निवडणुकीचा अर्ज भरताना ती वाचली असेल असं आपण धरून चालतो. खरं तर तो अर्ज दुसऱ्याच कुणीतरी भरलेला असतो.

पहिल्या आठवड्यात ग्रामपंचायतीत जा आणि आपल्या घराचा नमुना ८ मागा. ही कर आकारणीची नोंदवही. मग नमुना ९, म्हणजे कर मागणीची. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर, जे काही बाकी असेल ते भरा आणि नमुना १० ची पावती घरात जपून ठेवा. मागणीचं बिल बजावल्यापासून तीन महिन्यांत कर भरला नाही तर सदस्यत्व जाऊ शकतं. गावात विरोधक असतातच आणि त्यांना वाचता येतं.

दुसरी गोष्ट अतिक्रमणाची. सरकारी जागेवर किंवा गावाच्या सार्वजनिक जागेवर आपलं काही असेल, गायरानात गोठा, रस्त्यावर ओटा, गावठाणात पुढे आलेली पायरी, तर ते अपात्रतेचं कारण आहे. ‘ते माझं नाही, वडिलांचं आहे’ ही पळवाट फारशी उपयोगाची नाही. कुटुंबातल्या माणसाने केलेलं अतिक्रमण सदस्य स्वतः उपभोगत असेल तर तोही अडकतो, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. पायरी काढायची असेल तर स्वतःहून काढा. तुम्हाला ती चार दिवस टोचेल, पण उद्या दुसऱ्याचं अतिक्रमण काढायचा ठराव आला की त्याच पायरीने तुमचं तोंड बंद झालेलं नसेल.

निवडणूक खर्चाचा हिशेब निकालानंतर ३० दिवसांत द्यायचा असतो, तो दिला का? राखीव जागेवरून आला असाल तर जात वैधता प्रमाणपत्र दिलेल्या मुदतीत दाखल झालं का? परवानगी न घेता सलग सहा महिने सभांना गैरहजर राहिलात तरी पद जातं. पुण्या-मुंबईत नोकरी करून गावात सदस्य असलेल्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

दप्तर बघा, पण आल्या आल्या नाही

नवा सदस्य पहिल्याच दिवशी ‘सगळं दप्तर काढा’ म्हणाला की ग्रामसेवक त्याच दिवशी त्याच्याविषयी मत बनवतो. (२०२४ पासून पदाचं नाव ‘ग्रामपंचायत अधिकारी’ झालंय, पण गावात ग्रामसेवक, भाऊसाहेब हेच चालतं.) भाऊसाहेबांकडे दोन-तीन गावं असतात, डोक्यावर वीसेक योजनांची माहिती भरायची असते, आणि तुमच्यासारखे अकरा जण असतात. भांडायचं असेल तर पुढे पाच वर्षं आहेत. आधी शिकून घ्या.

ग्रामपंचायतीचा हिशेब नमुना १ ते ३३ मध्ये राहतो. सगळे पाठ करायची गरज नाही. सदस्याला पाच पुरतात: नमुना १ म्हणजे अंदाजपत्रक, नमुना ५ सामान्य रोकड वही, नमुना ७ पावती, आणि मघाचे ८-९. रोकड वही उघडून एकाच महिन्याचं पान वाचा. जमा कुठून आली, खर्च कशावर झाला, बाजूला व्हाउचर नंबर आहे का. एखादा खर्च कळला नाही तर भाऊसाहेबांना सरळ विचारा, ‘हे मला समजावून सांगा.’ ‘हे काय केलंय?’ असं विचारू नका. दोन्ही प्रश्नांना उत्तर एकच असेल, पण पहिल्याला ते मिळेल.

आता बरंचसं ई-ग्रामस्वराज या पोर्टलवर कुणालाही घरबसल्या दिसतं: गावाचा आराखडा, मंजूर कामं, वित्त आयोगाच्या पैशातून झालेली देयकं. आपल्या गावाचं नाव टाका आणि गेल्या तीन वर्षांची यादी काढा. मी काढली तेव्हा आमच्या गल्लीत एक ‘बंदिस्त गटार’ झालेलं दिसलं. मी त्या गल्लीत जन्मलो होतो, आणि ते गटार मला कधी भेटलं नव्हतं.

मासिक सभा: इथेच सगळं ठरतं

बाहेर कितीही भाषणं झाली तरी ग्रामपंचायत बोलते ती ठरावातून. साध्या सभेची नोटीस पूर्ण तीन दिवस आधी मिळायला हवी, आणि नोटिशीत विषयपत्रिका हवी. नोटीस तोंडी येत असेल, किंवा शिपाई सभेच्या दिवशी सकाळी सही घ्यायला येत असेल, तर पहिल्यांदा गोड बोलून आणि दुसऱ्यांदा लेखी पत्र देऊन ती सवय मोडा. विषय आधी कळले तरच तुम्ही जागेवर जाऊन बघू शकता.

सभेला गेल्यावर सगळ्यात आधी जे पुढे येतं ते इतिवृत्ताचं रजिस्टर. सगळे त्याला प्रोसिडिंग म्हणतात. तिथे हजेरीची सही करायची असते, आणि बहुतेक गडबड याच सहीतून होते. कसं ते सांगतो. आमच्याकडे वरती तारीख, खाली क्रमाने नावं, त्यासमोर सह्या, आणि सह्यांच्या खाली दोन पानं कोरी. सभा झाली, चहा झाला, सगळे घरी गेले. ती कोरी पानं पुढे कधीतरी भरली जायची. मी एकदा सहा महिन्यांनी मागची पानं उलटली तर एका ठरावाचा ‘सूचक’ मी होतो. कामाचं नाव मी पहिल्यांदाच वाचत होतो. अक्षर भाऊसाहेबांचं, शाई वेगळी, आणि शेवटच्या तीन ओळी जागा पुरावी म्हणून बारीक, दाटीवाटीने लिहिलेल्या. मी गप्प बसलो. नवीन होतो, आणि काम आमच्याच गटाच्या माणसाचं होतं. ते गप्प बसणं मला पुढे तीन वर्षं पुरलं. कारण नंतर मी कुठल्याही ठरावावर बोललो की कुणीतरी ते पान काढायचं.

म्हणून हे नियम स्वतःसाठी करा. हजेरीची सही करताना त्याखाली लगेच आपल्या हाताने वेळ लिहा. सभा संपताना ‘आजचे ठराव वाचून दाखवा’ असं म्हणा. रोज म्हटलं की ती पद्धत होते, एकदाच म्हटलं तर तो अविश्वास होतो. पुढच्या सभेचा पहिला विषय मागचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचा असतो. तो ‘वाचला असं समजून’ पुढे ढकलू देऊ नका. सूचक-अनुमोदक म्हणून आपलं नाव घालायचं तर तोंडाने विचारून घाला, हे सगळ्यांसमोर सांगून ठेवा. आणि रजिस्टर घरी आलं, ‘भाऊ, एक सही राहिली’ म्हणून, तर चहा पाजा आणि सही ऑफिसातच करतो म्हणा.

विरोध असेल तर तो तोंडी करून उपयोग नाही. ‘माझा या ठरावाला विरोध आहे, कारण अमुक, आणि तो इतिवृत्तात नोंदवावा’ एवढं वाक्य शांतपणे म्हणा. नोंद होत नसेल तर त्याच दिवशी साध्या कागदावर लिहून आवक नंबर घेऊन द्या. पोच घ्या. गावाच्या पैशाचं नुकसान सदस्याच्या हयगयीमुळे झालं तर वसुली सदस्यांकडूनही होऊ शकते. त्या वेळी ‘मी तर आतून विरोधातच होतो’ हे ऐकून घ्यायला कुणी बसलेलं नसतं.

आपला संबंध आला की उठा

ग्रामपंचायतीच्या कामात किंवा ठेक्यात सदस्याचा प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हिस्सा असेल, स्वतःचा किंवा भागीदारामार्फत, तर तो अपात्र ठरतो. ‘अप्रत्यक्ष’ हा शब्द कायद्यात उगाच नाही. मेहुण्याच्या नावावर ट्रॅक्टर, चुलतभावाच्या नावावर मुरुमाचं बिल, मित्राच्या दुकानातून एलईडी बल्ब, ही आपल्याकडची नेहमीची वाट आहे. गावात प्रत्येकजण कुणाचातरी पाहुणा असतो हे खरं. लहान गावात तर सिमेंटचं दुकानच एक असतं.

मग करायचं काय? माझ्या अनुभवात एकच गोष्ट टिकली. आपला, घरच्यांचा किंवा धंद्यातल्या भागीदाराचा विषय आला की आधी सांगायचं, ‘यात माझा संबंध आहे’, आणि उठून बाहेर व्हरांड्यात जाऊन बसायचं. चर्चेत नाही, मतदानात नाही, आणि इतिवृत्तात तशी नोंद. पहिल्यांदा लोक हसतात. दुसऱ्यांदा कुणीतरी म्हणतं, ‘अरे बस की, आपलंच आहे.’ तिसऱ्यांदा दुसरा एखादा सदस्यही उठतो. आमच्याकडे तिसऱ्यांदा जो उठला तो विरोधी गटाचा होता, आणि त्याच्या भावाचं बांधकाम परवानगीचं प्रकरण होतं. त्या दिवशी सभेत कुणालाच काय बोलावं सुचेना.

भेटवस्तूंचं वेगळं सांगत नाही. ठेकेदाराने दिवाळीला मिठाईचा बॉक्स आणला तर तो परत करताना बायको नाराज होते, एवढंच. ठेकेदार नाराज होत नाही, तो दर वाढवायचा विचार सोडतो.

एक अवघड विषय इथेच. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत निम्म्या जागा महिलांसाठी आहेत. तुमच्या वॉर्डातून ताई निवडून आल्या असतील तर सभेला ताईच आल्या पाहिजेत. त्यांच्या वतीने पती, दीर, मुलगा येऊन बसणं याला कायद्यात कुठेही जागा नाही. तुम्ही पुरुष सदस्य असाल तर तुमचं काम सोपं आहे: प्रश्न ताईंना विचारा, दादांना नाही. उत्तर दादांकडून आलं तर पुन्हा ताईंकडे बघा. आणि तुम्हीच त्या ताई असाल तर रोकड वहीपासून सुरुवात करा. महिन्याचं घर चालवणारीला जमा-खर्च शिकवावा लागत नाही, फक्त वही हातात यावी लागते.

काम झालं म्हणजे काय झालं

रस्ता, गटार, शाळेची दुरुस्ती अशा प्रत्येक कामाला चार कागद असतात: अंदाजपत्रक (एस्टिमेट), कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि पूर्णत्वाचा दाखला. मोजमाप पुस्तिकेला सगळे ‘एमबी’ म्हणतात. मोजमाप अभियंता लिहितो, पण गटार कुठून कुठपर्यंत आहे हे बघायला अभियंता असावं लागत नाही. एस्टिमेटची झेरॉक्स घ्या, टेप घ्या, आणि वॉर्डातला एखादा गवंडी बरोबर घ्या. लांबी, रुंदी, जाडी. जाडी काँक्रीट ओलं असतानाच दिसते, त्यामुळे काम चालू असताना जा. सहा इंचांचा थर चार इंच भरला तर तिसरा हिस्सा पैसा हवेत गेला, एवढा हिशेब तर शाळेत शिकलोय.

कामाच्या जागी फलक हवा: कामाचं नाव, निधी, रक्कम, ठेकेदार, मुदत. फलक नसेल तर आधी फलक मागा. फलक लागला की गाव स्वतःच मोजतं.

देयकं आता सरपंच आणि ग्रामसेवक यांच्या डिजिटल सहीने ऑनलाइन निघतात, सदस्याच्या हातात ते नाही. पण त्या सहीची डोंगल (कॉम्प्युटरला लावायचा पेनड्राइव्हसारखा तुकडा) कुणाच्या खिशात असते हे विचारणं हातात आहे. सरपंचांची डोंगल कॉम्प्युटर ऑपरेटरच्या ड्रॉवरमध्ये आणि पासवर्ड मागच्या कॅलेंडरवर, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गावाचं बरं म्हणजे आधी पाणी

लोककल्याण म्हटलं की डोळ्यांसमोर कमान, सभामंडप आणि हायमास्ट येतात. ते करा, पण त्याआधी नळाला येणारं पाणी प्या. बाटलीतलं नाही, शेवटच्या घरातलं.

विहिरीत किंवा टाकीत टाकतात ती टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असतो, आणि तो २० टक्क्यांच्या खाली गेला की ती पावडर पाणी शुद्ध करायला वापरू नये. ओल, ऊन आणि उघडं तोंड या तिन्हींनी ती मरते. आमच्याकडे पोती टाकीखालच्या खोलीत थेट ओल्या फरशीवर ठेवलेली होती. शिपाई रोज इमानाने पावडर टाकत होता. टाकत होता तो जवळजवळ चुना.

तपासणी कशी करायची ते बघा, दहा मिनिटांचं काम आहे. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आरोग्य सेवकाकडे किंवा जलसुरक्षकाकडे क्लोरोस्कोप, म्हणजे पाण्यातला क्लोरीन मोजायचा छोटा संच, असतो. काचेच्या नळीत नळाचं पाणी खुणेपर्यंत घ्यायचं, त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिन या द्रावणाचे) थेंब टाकायचे आणि हलवायचं. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे. रंग शेजारच्या पट्टीशी जुळवायचा. वापराच्या ठिकाणी किमान ०.२ पीपीएम तरी यायला हवा. पाणी तसंच पांढरं राहिलं तर त्या घरापर्यंत शुद्धीकरण पोचलेलं नाही. टाकीजवळच्या घरात नळी लिंबासारखी पिवळी आणि वस्तीच्या टोकाला कोरडी पांढरी, असं झालं तर मधे पाईप फुटलाय किंवा डोस कमी आहे. आमच्या गावात ते टोक म्हणजे नवबौद्ध वस्ती होती. पाईपलाईन तिथे संपत होती आणि व्हॉल्व्ह उघडण्याची वेळही तिथेच संपत होती. मी ती पांढरी नळी सभेत टेबलावर नेऊन ठेवली. त्या दिवशी मी काही बोललो नाही आणि विषय पहिल्यांदाच अर्धा तास चालला.

आठवड्यातून एकदा, दर वेळी वेगळ्या टोकाचं घर, आणि वहीत तारीख-घर-रंग. पावसाळ्यात दोनदा. जलस्रोतांचं सर्वेक्षण वर्षातून दोनदा होऊन गावाला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. आपल्या गावाचं कार्ड कोणतं, हे तुमच्या सरपंचांना माहीत आहे का विचारा.

जो पैसा आधीच कुणाचा तरी आहे

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. हे दान नाही, वाटणी आहे. तरी मार्च उजाडला की शिलाई मशीन, सतरंज्या आणि स्टीलची भांडी यांची खरेदी निघते, कारण वर्षभर कुणी विचारलेलं नसतं.

करायचं एवढंच: ऑक्टोबरमध्ये सभेत विचारा की या तिन्ही शीर्षकांखाली आतापर्यंत किती जमा, किती खर्च. मग दिव्यांगांची यादी घेऊन घरोघरी जा. आमच्या यादीत एक मयत आजोबा दोन वर्षं लाभार्थी होते. त्यांच्या शेजारच्या घरातली, दोन्ही पायांनी अधू असलेली मुलगी मात्र यादीत नव्हती, कारण तिचं प्रमाणपत्र काढायला जिल्ह्याच्या ठिकाणी न्यायला कुणी नव्हतं. तिला गाडीत घालून नेणं हे सदस्याचं काम आहे का? कायद्यात सापडणार नाही. आम्ही नेलं.

वित्त आयोगाच्या पैशाचंही असंच. पंधराव्या वित्त आयोगात २०२१ ते २०२६ या काळासाठी ६० टक्के निधी पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यांना बांधलेला आहे. ‘बंधित’ पैसा पेव्हर ब्लॉककडे वळवायचा प्रस्ताव आला तर तो तिथेच थांबवा.

ग्रामसभा भरवा, उरकू नका

वर्षात किमान चार ग्रामसभा, बहुतेक ठिकाणी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातलं जे कमी असेल तेवढा कोरम. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. ती बऱ्याच ठिकाणी कागदावरच होते: अंगणवाडीत हळदीकुंकू, आणि रजिस्टरला सह्या.

झेंडावंदन झाल्या झाल्या उन्हात भरवलेल्या सभेत कुणी थांबत नाही, हे उरकणाऱ्यांना चांगलं ठाऊक असतं. सदस्य म्हणून आपल्या वॉर्डात दोन दिवस आधी संध्याकाळी बसा. वीस माणसं जमली तरी पुरे. कोणते तीन विषय मांडायचे ते तिथे ठरवा आणि मांडणारी माणसंही ठरवा. तुम्ही स्वतः मांडू नका, तुम्हाला मासिक सभा आहे.

ग्रामसभेने ठरवलं तर काय होऊ शकतं याची उदाहरणं दूरची नाहीत. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांसाठी परिपत्रक काढलं. त्यासाठी निधी लागला नाही. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही-मोबाइल बंद, मुलं अभ्यासाला. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखामध्ये निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. एकजण अडला तरी बैठक पुन्हा बसते, आणि बैठकीआधी अभ्यास गट माहिती काढतो. २००९ मध्ये त्यांनी जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवला तो याच सवयीवर. छत्रपती संभाजीनगरजवळच्या पाटोद्यात कर भरणाऱ्याला दळण फुकट. नक्कल मात्र करू नका. आमच्याकडे भोंगा आणला, पंधरा दिवस वाजला, मग बिघडला. ज्यांच्या घरात भोंगा ऐकायला यायला हवा होता त्यांना आधी कुणी विचारलंच नव्हतं.

दारूबंदीचा विषय निघाला तर ग्रामसभेतल्या हात वर करण्यावर थांबू नका. परवानाधारक दुकान बंद करायला महिलांच्या गुप्त मतदानाची रीतसर पद्धत आहे, आणि गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मतं ‘आडव्या बाटली’ला पडावी लागतात. हजर महिलांपैकी नव्हे, एकूण. त्यामुळे बाहेरगावी गेलेल्या सुनांनाही त्या दिवशी आणावं लागतं.

कुणी तक्रार केली तर

माहिती अधिकाराचा अर्ज आला की कार्यालयात वातावरण बदलतं. अर्जदार कोण, कुणाच्या गटाचा, यावर अर्धा दिवस जातो. १० रुपयांचा अर्ज आणि ३० दिवसांची मुदत आहे, उत्तर द्या. २००५ च्या कायद्याने ग्रामपंचायतीने स्वतःहूनच बरीच माहिती जाहीर करायची आहे. जमा-खर्च दर महिन्याला फलकावर लावला तर निम्मे अर्ज येतच नाहीत. कोणते दाखले किती दिवसांत मिळतील, हे २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याप्रमाणे दर्शनी भागात लावायचं असतं. तो फलक कपाटामागे असेल तर बाहेर काढा.

तुम्हालाच तक्रार करायची असेल तर क्रम ठेवा. आधी सरपंचांना लेखी, मग पंचायत समितीत गटविकास अधिकाऱ्यांना, मग जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांना. अपात्रतेचा वाद जिल्हाधिकाऱ्यांकडे जातो. गैरवर्तनासाठी पदावरून काढणं कलम ३९ खाली विभागीय आयुक्तांच्या हातात आहे. प्रत्येक पत्रात तारीख, ठराव क्रमांक, व्हाउचर क्रमांक आणि काय पाहिलं तेवढंच लिहा. ‘भ्रष्टाचार’ हा शब्द न वापरता लिहिलेली तक्रार जास्त वाचली जाते, हे मी एका विस्तार अधिकाऱ्याच्या टेबलासमोर बसून शिकलो. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलेली तक्रार ही तक्रार नसते, ती करमणूक असते.

आणि चूक आपलीच असेल तर? वाचल्याशिवाय सही झाली, जवळच्याचं नाव यादीत घुसलं, तर पुढच्याच मासिक सभेत स्वतः विषय मांडा आणि दुरुस्तीचा ठराव घ्या. मी ते ‘सूचक’ प्रकरण तीन वर्षांनी मांडलं. उशीर झालेला होता. ठराव ज्या गटाराचा होता ते तोवर झालं होतं, म्हणजे कागदावरचं नाही, खरोखरचं, दुसऱ्या निधीतून. इतिवृत्तात माझं एवढंच वाक्य आहे की अमुक तारखेच्या ठरावाला मी सूचक नव्हतो. भाऊसाहेबांनी ते लिहिताना मान वर केली नाही. लिहून झाल्यावर रजिस्टर माझ्याकडे फिरवलं आणि म्हणाले, ‘वाचून सही करा.’